खुर्ची क्रमांक ४७ आणि फीबीची सुटकेस

मॅडम,
माझं वय २५. गाव बार्शी तालुक्यात. बी.एस्सी. केमिस्ट्री करून राज्यसेवेसाठी पुण्यात आले, त्याला साडेतीन वर्षं झाली. दोनदा प्रिलिमलाच उडाले, यंदा मेन्सला अडीच मार्कांनी राहिले. कट ऑफ लागला त्या रात्री मला रडूच आलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. अण्णा महिन्याला ८,००० रुपये पाठवतात. सोयाबीन आणि तुरीच्या घरातून ते कसे निघतात हे मला माहीत आहे. परवा त्यांनी फोनवर विचारलं, 'अजून एकदा बघायचं का?' मी हो म्हणाले. मला नाही म्हणायचं होतं.
मधल्या काळात रूममेटनं 'कोसला' दिली, मग 'द कॅचर इन द राय'. लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या जाडजूड पुस्तकाखाली लपवून दोन्ही कादंबऱ्या वाचल्या. वाचताना वाटलं, ही माझीच गोष्ट. संपल्यावर मात्र आणखी रिकामं वाटलं. त्यांतल्या दोन्ही नायकांना शेवटी काही सापडत नाही. मग असली पुस्तकं लिहितात कशाला? खरं सांगायचं तर अधिकारी होणं हे माझं ध्येय कधी नव्हतंच, ते गावाचं होतं. माझं कुठलं, तेच मला माहीत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही.
दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ध्येय सापडलेल्या तरुणांची एखादी चांगली कादंबरी असेल तर सांगा. आणि मीही एक दिवस कुणाला न सांगता निघून जावं का? घरी परत गेले तर सहा महिन्यांत लग्न लावतील.
— खुर्ची क्रमांक ४७, एक अभ्यासिका, नारायण पेठ

प्रिय खुर्ची क्रमांक ४७,

तुझं पत्र सहा पानी होतं, इथं कापून छापलंय. त्यातला एक परिच्छेद मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. त्याच्याकडे नंतर येते.

आधी कादंबरीचं बघू, कारण ते सोपं आहे. ध्येय सापडलेल्या तरुणाची चांगली कादंबरी मला माहीत नाही. ध्येय सापडलेल्या माणसाचा सत्कार होतो, सत्कारात भाषण होतं, आणि ते भाषण तुमच्या अभ्यासिकेच्या जिन्यात लावलेल्या टॉपरांच्या फ्लेक्सइतकंच उपयोगी असतं. जाता-येता दिसतं, एवढंच. कादंबरी त्याच्या आधीच्या दिवसांत घडते. फ्लेक्सवरच्या पोरीनं चार वर्षं डब्यातली तीच ती बटाट्याची भाजी खाताना काय विचार केला, हे फ्लेक्सवर मावत नाही. ते कादंबरीत मावतं.

या जातीच्या कादंबऱ्यांचा मूळपुरुष म्हणून बहुतेक जण जर्मन लेखक गटे याच्या विल्हेल्म माइस्टरकडे बोट दाखवतात. १७९५-९६ सालचं पुस्तक. विल्हेल्म व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला वसुलीच्या कामासाठी प्रवासाला धाडतात, आणि हा वाटेत नाटकवाल्यांच्या कळपात शिरतो. रंगभूमी हेच आपलं जीवन, अशी त्याची बालंबाल खात्री. वसुली राहते बाजूला. पुढचा भाग गटेनं म्हातारपणी, १८२९ मध्ये पुरा केला. त्यात विल्हेल्म काय होतो म्हणशील? नट होत नाही, नाटककारही होत नाही. जखमा बांधणारा, शस्त्रक्रिया करणारा वैद्य होतो, आणि शेवटी नदीत पडलेल्या स्वतःच्या पोराला त्याच विद्येनं वाचवतो. सगळा पहिला भाग ज्या ध्येयामागे धावण्यात गेला, ते ध्येय वाटेतच कुठं तरी गळून पडलेलं असतं आणि त्याचं फारसं कुणाला काही वाटत नाही.

त्या पहिल्या भागाच्या नावात जो जर्मन शब्द आहे, तो सुताराकडे, लोहाराकडे काम शिकायला राहिलेल्या पोराच्या वर्षांसाठी वापरत. आपल्याकडे त्याला 'उमेदवारी' म्हणतात. म्हणायचे, असं म्हणू. माझे आजोबा एका वकिलांकडे दोन वर्षं उमेदवार होते. म्हणजे सकाळी जाऊन कचेरी झाडायची, दुपारी नकला उतरवायच्या, पगार शून्य, आणि काम अंगात मुरत जाईल अशी उमेद. आज उमेदवार म्हणजे हॉल तिकिटावर ज्याचा फोटो असतो तो. शब्द तोच राहिला, आतलं काम गेलं. साडेतीन वर्षं तू उमेदवार आहेस, पण उमेदवारी अशी केलीस ती बहुतेक एकाच ठिकाणी. तेच त्या कापलेल्या परिच्छेदात आहे.

आता 'कोसला'. ती १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे २५ वर्षांचे होते, आणि कादंबरीतला पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतच आपली गोष्ट सांगायला बसतो. तूही पंचविशीचीच. म्हणून ती अंगावर येते, त्यात तुझा काही दोष नाही. मी ती वाचली १९८४ मध्ये, पुण्यातल्याच एका मुलींच्या होस्टेलात, आणि पुढचे तीन महिने दर वाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घालून बोलत होते. आईला पत्र लिहिलं त्यातही घातलं. तिनं उत्तरात विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना.

पण एक अडचण होती. पांडुरंगासारखं रात्री-बेरात्री पुण्यात भटकायचं तर आमच्या होस्टेलचं गेट संध्याकाळी साडेसातला बंद व्हायचं. मुलांचा शोध आठनंतर सुरू व्हायचा. कट्ट्यावर बसून ते जगण्याच्या निरर्थकपणावर बोलत, आणि आम्हाला तो निरर्थकपणा दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात ऐकीव मिळे. तेव्हा यात मला काही गैर वाटलं नव्हतं. पुस्तकाशी याचा संबंध आहे, हे कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार. त्यानं दाढी वाढवली, झोळी घेतली आणि शेवटच्या वर्षाचे पेपर दिलेच नाहीत. डिग्री म्हणजे ढोंग आहे म्हणाला. आम्ही सगळ्या भारावून गेलो होतो. खानावळीच्या मावशी तेवढ्या भारावल्या नव्हत्या. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची लांबट वही असे आणि तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढं खाडे मांडलेले असत. त्याचं तीन महिन्यांचं बिल थकलं तेव्हा वहीवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "शोध लागला की मला पण सांग बाबा. पण पैसे दहा तारखेच्या आत दे." पैसे घरून आले. त्याच्या वडिलांनी मनिऑर्डर केली. आम्ही हसलो आणि विसरलो.

वीसेक वर्षांनी एका लग्नात त्याच्या धाकट्या बहिणीची गाठ पडली. तो आता बरा आहे, ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान आहे, माणूस म्हणून गोड आहे. बोलता बोलता बहीण म्हणाली, त्या वर्षी घरात पैसा उरला नाही म्हणून तिला दहावीतून काढलं. रागानं नाही बोलली. पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला, तिनं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "दादाचं एक वर्ष वाया गेलं म्हणून घरात अजून बोलतात. माझं कुणी मोजलंच नाही."

त्या दिवसापासून असली कादंबरी हातात आली की मी आधी एकच बघते. खानावळीचं बिल कोण भरतंय?

तू हे 'कोसला'त बघ. वरवर वाचताना पांडुरंगाचं तिरकस बोलणंच लक्षात राहतं. पण गावाकडून येणारे पैसे, त्या पैशांचा वडिलांकडून घेतला जाणारा हिशेब, मेसचा सेक्रेटरी होऊन त्यानं घातलेला घोळ, हे सगळं नेमाड्यांनी लपवलेलं नाही. उलट ठिकठिकाणी पेरून ठेवलंय. आणि मग मनी मरते, त्याची लहान बहीण. तिच्या मरणाची ती पानं वाचताना तुझ्यासारखीचा श्वास अडकला असणारच. तिथं पांडुरंगाचा सगळा तिरकसपणा गळून पडतो. माझ्या मते पुस्तकाचा खरा कणा तो आहे, होस्टेलातल्या गमतीजमती नव्हेत. माझ्या वयाचे पुष्कळ पुरुष वाचक मात्र अजून गमतीजमतीच सांगत बसतात.

'कॅचर'मध्ये तर हिशेब अगदी उघडा आहे. १९५१ सालची कादंबरी. तिचा नायक होल्डन, त्याला शाळेतून काढून टाकलंय आणि ख्रिसमसच्या तोंडावर तो न्यूयॉर्कमध्ये भटकतोय. वडील बड्या कंपन्यांचे वकील. खिशातले पैसे आजीचे, जी वर्षातून चार-चार वेळा त्याच्या वाढदिवसाचे म्हणून पैसे पाठवते. त्यात आपला टाइपरायटर पडेल किमतीला विकून आलेली थोडी भर. ते सगळं उडवल्यावर तो रात्री चोरून स्वतःच्याच घरी जातो, आणि दहा वर्षांची बहीण फीबी आपले ख्रिसमससाठी साठवलेले पैसे त्याच्या हातावर ठेवते. तो रडतो. सगळ्या पुस्तकभर जगाला खोटारडं म्हणत फिरणारा हा पोरगा तिथं हुंदके देऊन रडतो.

त्यानंतरचा प्रसंग तू परत काढून वाच, आणि या वेळी होल्डनच्या जागेवरून वाचू नकोस. त्यानं ठरवलंय की पश्चिमेला कुठं तरी निघून जायचं, पेट्रोल पंपावर काम करायचं, मुका-बहिरा असल्याचं सोंग घ्यायचं म्हणजे कुणाशी बोलायलाच नको. जाण्याआधी फीबीला एकदा भेटायचं म्हणून तो म्युझियमच्या दारात थांबतो. ती उशिरा येते. डोक्यावर त्यानंच दिलेली लाल टोपी, आणि हातात ओढत आणलेली जड सुटकेस. सुटकेससुद्धा त्याचीच जुनी. आत तिचे कपडे. मला पण ने, म्हणते.

तो नाही म्हणतो. गप्प बस म्हणतो. शाळेच्या नाटकात तुझं काम आहे ना, मग तू कशी येणार, म्हणून तिच्यावरच चिडतो. ज्याला स्वतःला एकही शाळा धड पुरी करता आली नाही, तो बहिणीनं एक दुपारची शाळा बुडवू नये म्हणून कासावीस होतो. त्या सुटकेसकडे बघूनच त्याला पहिल्यांदा कळतं की आपण जाणार म्हणजे नेमकं काय होणार. मग तो जात नाही.

हे सगळं सांगितलं कारण पत्रात तू लिहिलंयस, "ही माझीच गोष्ट." मला तसं वाटत नाही. तुझी जागा या दोन्ही पुस्तकांत आहे, पण ती पांडुरंगाची किंवा होल्डनची नाही. तू मनीच्या आणि फीबीच्या जागेवर आहेस. फरक इतकाच की तू मेली नाहीस, दहा वर्षांचीही राहिली नाहीस. पंचवीस वर्षांची होऊन भरलेली सुटकेस घेऊन दारात उभी आहेस. तुला नेणारं कुणी नाही आणि एकटी गेलीस तर परतीचं तिकीट लग्नाचं आहे. मुलगा भटकून परत आला तर घरचे म्हणतात, 'आला वळणावर.' मुलीच्या बाबतीत ते वाक्य कसं म्हणतात, तुला ठाऊक आहे. पुस्तक संपल्यावर जे रिकामं वाटलं त्यातलं निम्मं या जागेच्या चुकीमुळे असावं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून बघितलास आणि तो खांद्यात बसेना.

मग मुलींची पुस्तकं कुठली? आहेत. सगळ्यांत आधी मी तुला १९३३ सालचं देईन. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास'. कादंबरी नाही, कथा आहेत. पुस्तक आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, आणि ही विभावरी कोण याचा शोध लोक पोलिसी थाटात घेत होते. त्या होत्या बाळूताई खरे. पुढं लग्नानंतर मालती बेडेकर. लिहिलं तेव्हा त्यांचंही वय तिशीच्या आत. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नं लांबलेल्या मुली या कथांमध्ये आहेत. त्यातल्या एका कथेचं नावच बघ: 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' नव्वद वर्षं झाली या प्रश्नाला. तू अण्णांना फोनवर जे हो म्हणालीस ना, ते याच कथेच्या दारात उभं राहून म्हणालीस. भाषा आता जुनी वाटेल. काही ठिकाणी उसासे जरा जास्तच आहेत. सोसून घे.

आणि त्यांचं पुढचं ऐक, कारण त्यात तुझा जिल्हा येतो. ही बाई पुढं सोलापूरला गेली. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं आणि त्यांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत डांबलं होतं. तशा सोलापूरच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली. त्यातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी आली. देशभरातून तो कायदा रद्द झाला तो त्यानंतर, १९५२ मध्ये. तेहतीस साली त्यांना कुणी ध्येय विचारलं असतं तर 'सोलापूरची वसाहत' असं उत्तर आलं असतं, यावर माझा विश्वास बसत नाही. नोकरी लागली, गेल्या, डोळे उघडे ठेवले.

आता तुझा दुसरा प्रश्न. सोडणं वेगळं आणि निघून जाणं वेगळं. परीक्षा सोडायची असेल तर सोड. माझी त्याला पूर्ण संमती आहे, माझ्या संमतीला काही किंमत असेल तर. पण कुणाला न सांगता निघून जाऊ नकोस. होल्डनच्या गाठीला आजी होती आणि पांडुरंगाला परत जायला सांगवी होती. तुझ्या खात्यावर या महिन्याचे किती उरलेत ते तू पत्रात लिहिलंयस, मी इथं छापलं नाही.

या परीक्षेचा एक छुपा सापळा आहे, तो वयाच्या अटीत आहे. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. म्हणजे तुझ्यापुढं अजून किमान १३ वर्षं दार उघडं आहे. बंद दारापाशी माणूस फार वेळ थांबत नाही, उघड्या दारापाशी थांबतो. 'अजून एकदा' हे वाक्य तुम्हा पोरांना आयोगानं नाही, त्या उघड्या दारानं शिकवलंय. त्यातून अडीच मार्क! वीस मार्कांनी गेली असतीस तर तू आज घरी असतीस. अडीच मार्क माणसाला खुर्चीला बांधून ठेवतात.

म्हणून अण्णांना फोन करू नकोस. गावी जा. दोन दिवस. फोनवर ते विचारणार, तू हो म्हणणार. समोर बसलीस की हातांचं काय करायचं ते दोघांनाही सुचत नाही आणि मग खरं बोललं जातं. जाताना साडेतीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडून ने: खोलीचं भाडं, डबा, क्लास, पुस्तकं, फॉर्म. रक्कम बघून छाती दडपेल, पण मांड. माफी मागायला नाही मांडायचा. जे त्यांनी दिलंय ते तू मोजलंयस, हे त्यांना दिसायला हवं. शेतकरी माणसाला एक गोष्ट तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली कळते: पीक गेलं तर त्या रानात आणखी खत ओतत बसायचं नसतं, नांगर घालायचा असतो. हे त्यांना शिकवू नकोस, त्यांना येतं. तू फक्त सांग की आलं नाही, आणि मला आता करायचं नाही. 'ध्येय नव्हतं' वगैरे भाषा तिथं वापरू नकोस. ती आपल्या पुस्तकवाल्यांची भाषा आहे, ओसरीवर ती आळशी ऐकू येते.

आणि हात हलवत जाऊ नकोस. जाण्याआधी पुण्यातलं एखादं काम हातात धर, अगदी साधं. तू केमिस्ट्रीची पदवीधर आहेस, हे सहा पानांत एकदाच, तेही ओझरतं लिहिलंस. कुरकुंभला केमिकल कंपन्या आहेत, चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात कारखाने आहेत, खाण्याच्या पदार्थांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. क्वालिटी कंट्रोलला बी.एस्सी. घेतात. साडेतीन वर्षांच्या खंडाबद्दल विचारतील, सरळ सांग, या शहरात अर्ध्या अर्जदारांचं तेच उत्तर असतं. पगार सुरुवातीला फार नसेल आणि शिफ्ट असेल. पण लग्नाचा विषय निघाला की, 'मला अजून शोधायचंय' या वाक्याला घरात उभं राहायला जागा मिळत नाही. 'माझी नोकरी आहे आणि एक वर्ष मी तिथं राहणार आहे' याला मिळते. हे मला पटतं म्हणून सांगत नाहीये. मला ते आवडत नाही. मुलाला शोधायला रिकामा वेळ मिळतो आणि मुलीनं शोधायचं तर आधी हजेरीपट दाखवायचा, यात न्याय कुठं आहे? पण तू न्यायाबद्दल विचारलेलं नाहीस, पुढच्या सहा महिन्यांबद्दल विचारलंयस. वर्षाचीच मुदत माग, तारीख घालून. बेमुदत मागितलं की कुणीच देत नाही.

झोपेचं. दोन-दोन वाजेपर्यंत जागरण आणि रडूच न येणं, हे निकालानंतर पंधरा दिवस असेल तर मी काही बोलले नसते. तू लिहितेस त्यावरून दोन महिने झालेत. १४४१६ हा टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. एकदा लाव. कादंबरीतल्या माणसानं झोपेविना भटकणं वाचायला छान असतं. तुला सकाळी मुलाखतीला जायचंय.

आता तो परिच्छेद. चौथ्या पानावर आहे. तुझं अक्षर तिथं बदललंय, हे तुला माहीत आहे का? पहिली तीन पानं बारीक, डावीकडे झुकलेली. ध्येय, अर्थ, पोकळी असे शब्द. आणि मग एकदम मोठं, मोकळं अक्षर येतं, जिथं तू अभ्यासिकेचं रजिस्टर सांभाळतेस ते सांगतेस. भिंतीकडच्या रांगेला पंखा लागत नाही आणि खिडकीकडच्या रांगेला कागद उडतात, यावरून मार्चमध्ये मारामारीची वेळ आली. तू दोन्ही रांगांची नावं लिहून काढलीस, कोण किती वाजता येतं ते आठवडाभर टिपलंस, आणि सकाळवाल्यांना भिंत, दुपारवाल्यांना खिडकी असं खुर्च्यांचं वाटप बदललंस. एक मुलगा दोन महिन्यांची फी थकवून तोंड लपवत होता, त्याला मालकाच्या नकळत हप्ते पाडून दिलेस. आणि कंसात लिहिलंस, 'हे जाऊ दे, विषयांतर झालं.'

विषयांतर कसलं! सहा पानांत कादंबरी असलेलं तेवढंच पान आहे. पंख्यावरनं चाललेली भांडणं मिटवणं हे तुझं ध्येय आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर तू हे पान फाडून टाकशील आणि बरोबरच करशील. मी फक्त अक्षराबद्दल बोलतेय. कामाच्या अर्जात 'अनुभव' असा रकाना असतो, तिथं तू 'नाही' लिहिणार होतीस. साठ-सत्तर जणांच्या अभ्यासिकेचं आठ महिने व्यवस्थापन, असं लिही. आणि मालक तुझी अर्धी फी माफ करतात ही मेहेरबानी नाही, ते काम बाहेर कुणाला दिलं असतं तर पगार द्यावा लागला असता. आजोबांच्या उमेदवारीतली आणि तुझ्या या कामातली मला तरी फारशी दरी दिसत नाही.

'कळ्यांचे निःश्वास' आधी अप्पा बळवंत चौकात विचार. तिथं तुला चालू घडामोडींच्या मासिकांखाली शोधावं लागेल, दुकानदार वैतागेल. नाहीच मिळालं तर नारायण पेठेतच पुणे मराठी ग्रंथालय आहे, तुझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखं. या वेळी कशाखाली लपवू नकोस.

आणि खुर्ची सोडशील तेव्हा डिपॉझिटची पावती शोधून ठेव. रजिस्टर तुझ्याकडेच आहे, तुझ्याच अक्षरात नोंद असेल, तरी पावती लागते.

तुझी,
मॅडम